दोघांनी छोट्या विमानातून निसर्ग पाहत फिरायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पत्नीकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, दीडशेच्या आसपास तास झालेत, पण बहुतेक सगळे सपाट मुलखातले. पतीला विमान चालवता येत नाही, फोटो मात्र उत्तम काढता येतात. चार आसनी सेस्ना १७२ घेऊन पाच-सहा दिवस डोंगर, सरोवरं, समुद्रकिनारा पाहत हिंडायचं आहे. मार्ग कसा आखावा, सामान किती घ्यावं, आणि सावध कशापासून राहायचं?

सगळ्यात आधी सावध राहायचं ते देखाव्यापासूनच. कुठेतरी पोहोचायला निघालेला पायलट पुढे बघतो. देखावा बघायला निघालेला खाली बघतो. या सहलीपुरता एकच कायदा करायचा असेल तर तो हा करा: जो उडवेल त्याने देखावा पाहायचा नाही. पायलटच्या वाट्याला येईल ते ओझरतं, सरळ उडताना दिसलेलं, आणि बाकीचं रात्री फोटोंत. हे दोघांना जड जात असेल तर सोबत एक इन्स्ट्रक्टर घ्या, उडवायचं काम त्याला द्या आणि दोघंही पोटभर बघा. त्यात कमीपणा काही नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे घिरटी. धबधबा दिसतो, शेजारून "परत एकदा फिरव ना" असं येतं आणि पायलट त्या जागेभोवती गोल फिरू लागतो. वारा पाठीशी आला की जमीन भराभर सरकते, वेग वाढल्याचा भास होतो आणि हात नकळत थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतो. वर्तुळ विस्कटू नये म्हणून बँक, म्हणजे विमानाचा एका बाजूचा कल, वाढते. धबधबा खिडकीतून सुटू नये म्हणून योकही (नाक वर-खाली करणारं हँडल) थोडा मागे येतो. स्टॉल म्हणजे पंखांची उचल अचानक सुटणं. १७२-एसचा (१७२ चं एक नवं मॉडेल) स्टॉल पूर्ण वजनाला, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग) वर असताना, सरळ उड्डाणात ४८ नॉटला (ताशी सुमारे ८९ किलोमीटर) होतो. ४५ अंशांच्या बँकला तोच ५७ वर जातो आणि ६० अंशांना ६८ वर. म्हणजे ७० नॉट दिसत असताना "अजून बराच वेग आहे" असं वाटतं, आणि प्रत्यक्षात काहीच शिल्लक नसतं. त्यात वळणाच्या बाजूचा रडर (शेपटी वळवणारं पायाखालचं पॅडल) जास्त दाबला गेला की स्टॉलचा थेट स्पिन होतो, म्हणजे विमान गिरक्या घेत कोसळतं. जमिनीपासून ५०० फुटांवर त्यातून बाहेर यायला जागा नसते.

म्हणून पाहायच्या जागेभोवती फिरायचं नाही, तिच्या बाजूने जायचं. जमिनीपासून निदान १००० फूट, जमलं तर १५००. वेग ८५ ते ९० नॉट, जागा उजव्या हाताला, विमान सरळ आणि सपाट. एकदा निघून गेलात की तीन-चार किलोमीटर पुढे जाऊन, २० अंशांच्या आतल्या बँकने ऐसपैस वळून पुन्हा या. दुसऱ्या खेपेला फोटो जास्त चांगला येतो, कारण कुठे बघायचं ते कळलेलं असतं. तिसरी खेप कशाला हवी?

उंचीचा आणखी एक मुद्दा नियमांचा आहे. राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, पक्ष्यांच्या वसाहती यांवर बहुतेक देशांत वेगळ्या मर्यादा असतात आणि त्या नकाशावर बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात. अमेरिकेत अशा क्षेत्रांवर २००० फूट उंची राखायची विनंती असते. ग्रँड कॅन्यनवर तर १४,५०० फुटांखालचे मोठे पट्टे उड्डाणबंद आहेत. ठरावीक कॉरिडॉरमधूनच जाता येतं, उत्तरेकडे जाताना ११,५०० किंवा १३,५०० फुटांवर, दक्षिणेकडे जाताना १०,५०० किंवा १२,५०० वर. या उंचीला भरलेली १७२ रडतखडतच चढते. प्रसिद्ध जागा निवडली की आधी तिथला नियम वाचा, मग विमान ठरवा.

फोटोंबद्दल थोडंच. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. कोपर किंवा लेन्स खिडकीच्या चौकटीला टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. खिडकी ॲक्रिलिकची असते, त्यामुळे पोलरायझर लावला की इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. तो घरीच ठेवा. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. पंख वर असल्याने खालचं चांगलं दिसतं, पण आधाराची दांडी मध्ये येते, तेव्हा तिच्या पुढून किंवा मागून नेम धरावा. उजव्या दाराची खिडकी उघडते का ते विमान घेण्याआधी पाहा, सगळ्यांत उघडत नाही. उघडणारी असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवा, लेन्सचं हूड काढलेलं हवं आणि मोबाइल बाहेर काढायचा नाही. वाऱ्याने हातातून सुटलेली वस्तू मागच्या शेपटीवर जाऊन आदळू शकते.

आता वजन. चार आसनं आहेत म्हणून चार माणसं आणि भरलेल्या टाक्या दोन्ही जमतात असं नाही. १७२-एसचं कमाल वजन ११५७ किलो. रिकाम्या विमानाचं वजन प्रत्येकाचं वेगळं असतं, आकडा त्याच विमानाच्या कागदांतून घ्या. इथे उदाहरणाला ७६० धरू. तुम्ही दोघं १३५ किलो, सामान ४० किलो, म्हणजे ९३५. वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४ किलो. बेरीज १०७९. दोघांना आरामात जमतं. पण वाटेत १४० किलोंचं मित्रजोडपं "एक फेरी आम्हालाही" म्हणून बसलं तर इंधन सोडून १०७५ होतात. उरले ८२ किलो, म्हणजे जवळपास ११४ लिटर. टॅक्सीला ५ आणि तासाभराच्या राखीव साठ्याला ३६ बाजूला काढले की ७३ लिटर राहतात, आणि तासाला ३६ लिटर धरले तर ते दोन तास पुरतात. जुन्या १५० अश्वशक्तीच्या १७२-एमचं कमाल वजन १०४३ किलोच आहे, पण तिचं रिकामं वजनही कमी असतं, तेव्हा तिथे हा हिशेब नव्यानेच करा.

मागच्या सामानाच्या जागेची मर्यादा १७२-एसमध्ये एकूण ५४ किलो आहे. तंबू, ट्रायपॉड, बॅगा पटकन तिथवर जातात. जड वस्तू मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधा. उलटी अडचण सेस्ना १८२ सारख्या विमानात येते. पुढे दोघं आणि मागे काहीच नाही, की नाक जड होतं, उतरताना योक पुरेसा मागे येत नाही आणि पुढचं चाक आधी आपटतं. त्यातून १८२ ची फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) वाकते, आणि ती दुरुस्ती फार महागात जाते. मागे वीस-एक किलोंचं सामान बांधलं की फरक लगेच जाणवतो.

इंधन नेहमी तासांत मोजा, आणि काट्यावर विसंबू नका. पंखावर चढून डिपस्टिक बुडवा. उतराल तेव्हा तासाभराचं इंधन शिल्लक असावं, कायद्याने अर्धा तास पुरत असला तरी. झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर पंखावरच्या कमी दाबामुळे इंधन हवेत ओढलं जातं, आणि उंच पंखाच्या विमानात ते आतून दिसतही नाही. अनोळखी ठिकाणी भरताना स्वतः उभं राहा. १०० एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाचं विमान-पेट्रोल, निळं असतं. जेट फ्युएल पिस्टन इंजिनात गेलं तर टेकऑफनंतर लगेच इंजिन जातं.

तुमचे तास सपाट मुलखातले आहेत, म्हणून पुढचं जरा सावकाश वाचा. विमानाला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, हवेची घनता कळते. गणित सोपं आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना २ अंश कमी. प्रत्यक्ष तापमान त्यापेक्षा जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट, हे प्रेशर अल्टिट्यूडमध्ये (प्रमाण दाबावर लावलेला उंचीमापक दाखवतो ती उंची) मिळवा. धावपट्टी ५००० फुटांवर आणि दुपारचं तापमान ३० अंश असेल तर तिथलं प्रमाण तापमान ५ अंश, फरक २५, म्हणजे ३००० फुटांची भर. विमानाच्या लेखी ती ८००० फुटांवरची धावपट्टी आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७०० फुटांहून जास्त चढणारी १७२-एस तिथे साडेचारशेच्या आसपास चढते.

अशा ठिकाणी दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली मिक्स्चरची, म्हणजे इंधन आणि हवा यांच्या प्रमाणाची. सवयीने पूर्ण रिच (जास्त इंधन) ठेवून टेकऑफ घेतला जातो आणि आधीच कमी झालेली ताकद आणखी घटते. ३००० फुटांच्या वर टेकऑफआधी फुल थ्रॉटलला आरपीएम जास्तीत जास्त होईपर्यंत लीन (इंधन कमी) करा. दुसरी चूक म्हणजे धावपट्टी संपेपर्यंत आशेवर राहणं. धावपट्टीच्या मध्यावर एक खूण आधीच हेरून ठेवा. तिथे पोहोचेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक. ५५ नॉटला उचलत असाल तर ही रेषा ३८-३९ नॉटची आहे. ती खूण आली की मोठ्याने सांगायचं काम शेजारच्याला द्या.

डोंगररांग ओलांडताना समोरून काटकोनात जाऊ नका. ४५ अंशांच्या कोनाने तिरके जा, म्हणजे खाली ओढलं जाऊ लागलं तर अर्ध्या वळणातच उतरत्या जमिनीकडे परत फिरता येतं. कड्याच्या निदान २००० फूट वर राहा. कड्याच्या उंचीवरचा वारा २५ नॉटच्या पुढे असेल तर त्या दिवशी डोंगर नको. वारा ज्या बाजूला उतरतो तिथली हवा मिनिटाला हजार फुटांच्या वेगानेही खाली जाऊ शकते, आणि मगाशी पाहिलं की आपल्याकडे चढण्याची ताकद साडेचारशेच आहे. भिंगाच्या आकाराचे, जागेवर थिजल्यासारखे ढग डोंगरामागे दिसले तर ते फोटोला सुंदर असतात. त्यांच्या खाली रोटर, म्हणजे गरगरणाऱ्या हवेचा धोकादायक भोवरा, असतो. लांबून फोटो काढा आणि दुसरीकडे वळा.

दरीत शिरायचं असेल तर वरच्या टोकाकडून शिरून उताराच्या दिशेने उडा. खालून वर जाताना जमीन विमानापेक्षा जास्त वेगाने चढते, आणि लांबून पाहताना ते समजत नाही. दरीच्या मधोमध उडणंही चूकच, कारण वळायला निम्मीच रुंदी मिळते. ज्या उतारावर वारा वर चढतो त्या बाजूला चिकटून राहा. वळायला किती जागा लागते ते पाठ असू द्या: ९० नॉट आणि ३० अंश बँकला वर्तुळाचा व्यास सुमारे ७६० मीटर. पण हा हिशेब खऱ्या वेगाचा आहे. ८००० फुटांवर स्पीड इंडिकेटर ९० दाखवत असतो तेव्हा खरा वेग १०४ च्या आसपास असतो, आणि व्यास एक किलोमीटरवर जातो. एवढी रुंदी डोळ्यांना नक्की दिसत नसेल तर शिरायचंच नाही. आणि या सगळ्यावर एक दिवस त्याच भागातल्या इन्स्ट्रक्टरबरोबर घालवा. वाचून ही नजर येत नाही.

दिवसाची वेळ हा खरं तर मार्गाहून मोठा निर्णय आहे. सूर्योदयानंतरचे तीन तास हवा शांत असते, सूर्य तिरका असतो, सावल्यांमुळे डोंगरांना खोली येते. दहाच्या पुढे जमीन तापून हवा उसळू लागते, दुपारी डोंगरांवर गडगडाटी ढग उभे राहतात. उन्हाळ्यात ११ च्या आत विमान जमिनीवर आणि बांधलेलं असावं. गडगडाटी ढगापासून ३५-४० किलोमीटर दूर राहावं. ढगांचा तळ अंदाजायला तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला ४०० ने गुणा: २८ आणि १८ असतील तर साधारण ४००० फूट. फरक ३ अंशांच्या आत आला, विशेषतः संध्याकाळी पाण्याजवळ, की धुकं जवळ आलं समजा. कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल तर दमट हवेत, २०-२२ अंशांनाही, थ्रॉटल कमी करून सरोवराकडे उतरताना आत बर्फ धरतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) आधी, मग थ्रॉटल.

ढगात शिरण्याबद्दल १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. फक्त उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणून समोरचा डोंगर पुसट व्हायला लागला की तिथूनच मागे फिरायचं, ढग लागल्यावर नाही.

हे सगळं माहीत असूनही माणसं निघतात, कारण पुढच्या गावात हॉटेल ठरलेलं असतं आणि परवा कामावर जायचं असतं. सहा दिवसांच्या आखणीत दोन दिवस रिकामे ठेवा, बुकिंग रद्द करता येईल असंच करा आणि प्रत्येक मुक्कामाहून रस्त्याने किंवा रेल्वेने घरी कसं जायचं ते आधीच पाहून ठेवा. आणि जोडप्यांसाठी खास नियम: दोघांपैकी कोणीही "आज नको" म्हटलं की विषय संपला. कारण विचारायचं नाही, तोंडही पाडायचं नाही. न उडवणाऱ्याला कारण शब्दांत सांगता येत नाही, पण पायलटचा चेहरा त्याला वर्षानुवर्षं वाचता येत असतो.

शेजारी बसणाऱ्याचं पोट बिघडलं तर सहल तिथेच संपते. उपाशीपोटी किंवा तट्ट जेवून बसू नये. अधूनमधून कॅमेऱ्यातून डोळा काढून क्षितिजाकडे पाहावं, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये सलग पाहत राहणं हे मळमळीचं मोठं कारण आहे. हवेची नळी चेहऱ्यावर, पिशवी हाताशी. मळमळीच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, त्या पायलटने घ्यायच्या नाहीत. उतरताना मिनिटाला ५०० फुटांहून जास्त उतरू नका, सर्दीत कान फार दुखतात. किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर २४ तास उड्डाण नको. टप्पा दोन तासांचाच ठेवा. टाकी चार तास पुरली तरी माणसं पुरत नाहीत. डोकेदुखी आणि झोप दोघांनाही एकदमच आली तर उंचीला दोष देण्याआधी हीटर बंद करा आणि खिडकी उघडा. हीटरची हवा एक्झॉस्टच्या मफलरवरून येते, त्याला चीर गेली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. कार्डावर रंग बदलणाऱ्या ठिपक्यापेक्षा आवाज करणारा बॅटरीवरचा डिटेक्टर घ्या.

पतीला तीन-चार तासांचं शिक्षण जरूर द्या, इन्स्ट्रक्टरकडून. नवरा-बायकोने एकमेकांना शिकवू नये, भांडण ठरलेलं. विमान सपाट ठेवणं, ट्रिम (योक धरून न ठेवता विमान स्थिर राहील असं बसवणं), ऑटोपायलट सुरू करणं, रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा कोड, आणि लांब धावपट्टीवर कसंबसं उतरवणं, एवढं पुरे. एरवीही त्यांना काम द्या: दुसरी विमानं घड्याळाच्या आकड्यांनी सांगणं, चेकलिस्ट वाचणं. टेकऑफ-लँडिंगच्या वेळी आणि विमानतळाजवळ ३००० फुटांखाली गप्पा बंद, पण दुसरं विमान दिसलं तर बोलायचंच.

पाणी ओलांडताना उंची हाच विमा. १७२-एस इंजिन बंद असताना ६८ नॉटला दर हजार फुटांत दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर तरंगते. ३० किलोमीटरची सामुद्रधुनी असेल तर मध्यावरून किनारा १५ किलोमीटर. हिशेबाने ५५०० फूट, वारा आणि वळण धरून ७००० तरी हवेत. लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नाही. ते विमानातून बाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर छताला चिकटून अडकायला होतं. पाण्यावर उतरण्याआधी दारं उघडून ठेवा. संकटात उपग्रहाला संकेत पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन खिशात ठेवा. १२१.५ वरच्या जुन्या बीकनचे संकेत उपग्रहांनी टिपणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालं आहे, त्यामुळे विमानातला जुना ईएलटी (विमानात बसवलेला आणीबाणीचा बीकन) असून नसल्यासारखा.

मुक्कामाला विमान वाऱ्याकडे तोंड करून, तीन दोरांनी, चाकांना ठोकळे लावून बांधा. कंट्रोल लॉक आणि पिटो कव्हर (वेगमापकाच्या नळीचं झाकण) लावा. दोर आणि खुंट्या स्वतःच्या न्या, सोबत एक-दोन क्वार्ट तेल. विणीच्या मोसमात पक्षी अर्ध्या दिवसात काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) काटक्या भरतात, तेव्हा सकाळी टॉर्चने आत पाहा. आणि इंजिन सुरू करण्याआधी टो-बार (विमान हाताने ओढायचा दांडा) नाकाला लावलेला नाही ना, हे दोघांपैकी एकाने नुसतं आठवून नाही, प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावं.